गडद रंगाची गाडी, बोअरचं पाणी आणि घरचं वॅक्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये दीड वर्षाची गडद निळी गाडी उभी असते. गाडी पुसणारे दादा रोज सकाळी बादलीत फडकं बुडवून सगळी गाडी पुसून जातात. पाणी बोअरचं. उन्हात बोनेटवर बारीक गोल ओरखडे दिसतात, टपावर पांढरे ठिपके बसलेत आणि ते धुऊन जात नाहीत. शोरूमने पंचवीस हजारांचं सिरॅमिक कोटिंग सुचवलंय. घरी वॅक्स करून भागेल का?

भागेल. पण वॅक्स लावा नाहीतर कोटिंग करा, रोजचं ते पुसणं चालू राहिलं तर दोन्हींचे पैसे पाण्यात. तुमच्या गाडीचं नुकसान वॅक्स नसल्यामुळे झालेलं नाही, धुळीवरून फडकं फिरल्यामुळे झालंय.

कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर ३० च्या आसपास प्रायमर, मग १५-२० मायक्रॉन रंग आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-आठवा हिस्सा. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. फडकं ओलं असलं तरी कण त्याच्याखाली अडकतातच. दोन दारं पुसून झाल्यावर ते फडकं त्याच बादलीत पिळलं जातं, बादलीच्या तळाचा गाळ पुन्हा वर येतो आणि उरलेल्या गाडीवर फिरतो.

हे ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसतात म्हणून दादा हात गोल फिरवतात असा निष्कर्ष काढू नका. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेच चमकतात, म्हणून गोल भासतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही तितकेच असतात, फक्त दिसत नाहीत.

दादांचं काम बंद करायची गरज नाही. पगार तोच ठेवा, काम बदला. रोज फक्त काचा, आरसे आणि आतलं पुसायचं, पत्र्याला हात लावायचा नाही. काच पत्र्यावरच्या रंगापेक्षा खूप कठीण असते, तिला ते चालतं. अख्खी गाडी आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदाच, पण नीट धुवायची. गाडीवर चार दिवस धूळ बसून राहिली तर रंगाचं काहीही बिघडत नाही. हे पटायला जड जातं, पण खरं आहे. कापडी झटकणीने धूळ झटकणंही बंद करा. तीसुद्धा कोरड्या धुळीवरून फिरते.

पाणी

पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्या. समजा बोअरच्या पाण्याचा आकडा ६०० आला, तर एका लिटरमागे सुमारे ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार जागेवरच राहतात. खडकवासल्याहून येणारं महापालिकेचं पाणी त्यामानाने बरंच हलकं असतं. सोसायटीत दोन वेगळे नळ असतील तर गाडीसाठी तेच भरा.

आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पाणी वाचवायचा हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला, संडासाला वापरा, गाडीला नको. उलट आरओचं शुद्ध पाणी ५-६ लिटर शेवटच्या फेरीसाठी बाजूला ठेवा. एसीच्या पाइपातून पडणारं पाणीही हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. दमट हवेत ते स्वच्छ कॅनमध्ये सहज जमतं. धुणं बोअरच्या पाण्याने करा, पण गाडी वाळायच्या आत हे हलकं पाणी मगाने टपापासून खाली ओता. ठिपक्यांची निम्मी तक्रार एवढ्यानेच संपते.

धुण्याची पद्धत

वेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. बोनेटला हात लावून बघा. कोमट लागला तरी थांबा, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी धुऊन काढायच्या आत वाळतं.

१५-२० लिटरच्या दोन बादल्या घ्या, एक शाम्पूच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. दोन्हींच्या तळाशी प्लॅस्टिकची रुंद चाळणी उलटी ठेवा. बाजारात यासाठी खास जाळी मिळते, पण चाळणी तेच काम करते: खाली बसलेला गाळ हात घातल्यावर वर येत नाही. कापडाऐवजी मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या. त्याच्या लांब तंतूंत कण आत शिरतात, पत्र्यावर घासले जात नाहीत. स्पंज टाळा, त्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कण त्याच्या आणि रंगाच्या मध्येच राहतात.

शाम्पू गाडीचाच हवा, उदासीन पीएचचा. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, ती चांगलीच अल्कधर्मी असते. भांड्यांचा लिक्विड साबण एका धुण्यात रंग खराब करत नाही, पण लावलेलं वॅक्स अशक्त करतो आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडतो. गाडीच्या शाम्पूचं प्रमाण बाटलीवर दिलेलं पाळा. बहुतेकांचं १० लिटरला २०-३० मिली पुरतं. दुप्पट ओतलं तर गाडी दुप्पट स्वच्छ होत नाही, उलट सुकताना थर राहतो.

चाकं आधी, वेगळ्या मोज्याने आणि वेगळ्या पाण्याने. ब्रेकची भुकटी लोखंडाची असते, तो मोजा पुन्हा कधीही रंगाला लावायचा नाही. मग सगळी गाडी नुसत्या पाण्याने भिजवून धूळ वाहू द्या. या टप्प्यावर घाई करू नका, कारण हात न लावता जितकी धूळ जाईल तितके ओरखडे वाचतील. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी धार देणारा नोझल लावा आणि फूट-दीड फूट अंतर ठेवा. रंगाचा टवका उडालेल्या जागी जवळून धार मारली तर टवका मोठा होतो.

आता टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सगळी घाण खालच्या एक-दीड फुटात असते, म्हणून ती शेवटी. हात सरळ रेषेत चालवा, मोज्याच्या वजनाइतकाच दाब द्या. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात, चाळणीवर घासून खळबळायचा, पिळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद, दुसरा घ्या.

उन्हाळ्यात सोसायटी पाइप लावू देत नसेल तर रिन्सलेस वॉश हा उत्तम मार्ग आहे. याच्या द्रवातली पॉलिमर कणांना वेढून उचलतात आणि नंतर पाणी मारावं लागत नाही. नेहमीचं प्रमाण २५६ ला १, म्हणजे १० लिटरला सुमारे ४० मिली. एका गाडीला निम्मी बादलीही पुरते. तेच पाणी फवारणीच्या नव्या पंपातून पत्र्यावर मारा, मिनिटभर थांबा, मग भिजलेल्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. कापडाची चौपदरी घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू एका भागाला, वापरलेली बाजू परत पत्र्याला लावायची नाही. सहा-सात कापडं लागतात. मात्र पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीवर हे करू नका, तिला भरपूर पाणीच हवं.

वाळवायला ८०० ते १२०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) मोठा मायक्रोफायबर टॉवेल. तो पत्र्यावर अंथरा आणि दोन टोकांना धरून हळूच ओढा, घासू नका. आरशांच्या आत, दारांच्या मुठींत आणि पेट्रोलच्या झाकणाखाली अडकलेलं पाणी नंतर ओघळतं आणि तिथेच पांढऱ्या रेघा उमटतात, तेवढं वेगळ्या कापडाने टिपून घ्या. शेवटी गाडी किलोमीटरभर चालवून आणा म्हणजे ब्रेकच्या चकत्या कोरड्या होतात.

सगळी मायक्रोफायबर कापडं वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर नाही. लिक्विड साबण वापरा. कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, त्याचा मेणासारखा थर तंतूंवर बसला की कापड पाणी शोषत नाही आणि काचेवर धब्बे काढतं.

टपावरचे ठिपके

ठिपके दोन प्रकारचे. क्षार फक्त वर बसलेले असतील तर आम्लाने विरघळतात. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात घ्या, थंड पत्र्यावर, सावलीत, भिजलेलं कापड एक-दोन मिनिटं ठेवा, मग अलगद पुसून शाम्पूच्या पाण्याने धुवा. दोन-तीनदा करावं लागेल. तेवढ्यानेही गोल कडा दिसतच राहिल्या तर क्षारांनी क्लिअर कोट खरवडून खड्डा केलाय, तिथे पॉलिशच लागेल. दीड वर्ष उन्हात तापलेल्या टपावर दोन्ही प्रकार सापडतील. नखाने किंवा घासणीने खरवडू नका.

बांधकामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर सिमेंटचे शिंतोडेही याच पद्धतीने सुटतात, फक्त वेळ जास्त लागतो. टोकदार वस्तूने उचकटले की रंगासकट निघतात.

वॅक्सच्या आधी

धुतलेल्या, वाळलेल्या बोनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांजवळ किंवा रेल्वेमार्गाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे लोखंडाचे कण खूप असतात, पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी टिपक्यांसारखे दिसतात. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव, फवारा, ३ ते ५ मिनिटांत जांभळे ओघळ येतील, वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. वास उग्र असतो, मोकळ्या जागी करा आणि हातमोजे घाला.

तरीही खरखर राहिली तर क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. फाइन प्रतीचा, ५० ग्रॅमचा तुकडा हातात मळून चपटा करा, दीड बाय दीड फूट भाग शाम्पूच्या पाण्याने चांगला निसरडा करा आणि बिनदाब सरकवा. क्ले अडखळला तर पाणी कमी आहे. मळ दिसला की घडी घालून नवी बाजू काढा. खाली पडला तर फेकून द्या, पाण्याने धुऊन चालत नाही. क्लेने स्वतःचे बारीक ओरखडे उमटतात, म्हणून पॉलिश करायचं असेल तेव्हाच, वर्षातून एकदा पुरे.

ओरखडे जायला पॉलिशच हवं, वॅक्सने ते फक्त काही आठवडे झाकले जातात. इथे रस्त्याकडेच्या 'रबिंग-पॉलिश'पासून सावध राहा. तिथे लोकरीचा पॅड लावलेलं एकाच अक्षावर फिरणारं मशीन आणि जाड कंपाउंड वापरतात. गाडी परत ताब्यात घेताना काचेसारखी चमकते, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरलेलं असतं. तीन-चार धुण्यांत ते निघून जातं आणि जुन्या ओरखड्यांसोबत मशीनच्या नव्या लाटाही दिसायला लागतात. दारांच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे ते मशीन क्षणभर जास्त थांबलं तर खालचं प्रायमर दिसतं.

घरी करणार असाल तर ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, त्याचा पॅड फिरतो आणि थरथरतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. ५ इंची मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. आधी बोनेटच्या एका कोपऱ्यात दीड बाय दीड फूट जागेवर करून बघा. पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब, पहिल्या वेगावर पसरवा, मग ४-५ च्या वेगावर सेकंदाला सुमारे एक इंच सरकत आधी उभ्या, मग आडव्या, अशा चार-पाच फेऱ्या. पुसून मोबाइलच्या टॉर्चने तपासा. ७०-८० टक्के ओरखडे गेले तर तिथेच थांबा. उरलेले खोल ओरखडे काढायच्या नादात क्लिअर कोट पातळ होतो, तो परत भरून येत नाही. अशा हलक्या पॉलिशला दर वेळी एक ते तीन मायक्रॉन जातात, म्हणून हे दर सहा महिन्यांनी करायचं काम नव्हे. कडा आणि उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लावा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश आणि नेहमीचं वॅक्स दोन्ही वर्ज्य.

वॅक्स की सीलंट

पॉलिशचं तेल निघायला हवं, नाहीतर वरचा थर रंगाला धरत नाही. मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि आरओचं पाणी तीन भाग, हे फवारून पुसा.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं. एप्रिलच्या उन्हात गडद बोनेट ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते महिना-दीड महिन्यापलीकडे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. सावलीतल्या गाडीला झकास. तुमच्यासाठी कृत्रिम पॉलिमरचं सीलंट घ्या, ते तीन ते सहा महिने जातं. वर्षातून दोनदा लावायचं: मे अखेरीस, पावसाच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, पाऊस सरल्यावर. मधल्या काळात दर तीन-चार धुण्यांनंतर सिलिका असलेलं स्प्रे सीलंट.

लावताना थर जितका पातळ तितका चांगला. पत्र्यावर जेमतेम धूसरपणा दिसला पाहिजे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना हात भरून येतात. अर्धा बोनेट लावा, बोट फिरवून बघा: बोटाखालची रेघ स्वच्छ चमकली तर पुसायला घ्या, फासली गेली तर थांबा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, हे थांबणं दुप्पट होतं. काळ्या खडबडीत प्लॅस्टिकला लागू देऊ नका, तिथे पांढरे डाग राहतात. टेप लावणं सोपं.

अपघातानंतर गॅरेजमध्ये एखादा भाग रंगवला असेल तर त्याला निदान ३० दिवस वॅक्स नको. कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजमधला ६०-८० ला, त्यातलं सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो.

पंचवीस हजारांचं कोटिंग

सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे, पण विकताना सांगतात तेवढी नाही. थर साधारण एका मायक्रॉनचा. '९एच' ही पेन्सिलच्या कसोटीवरची पट्टी आहे, हिऱ्याच्या कठीणपणाशी तिचा संबंध नाही. उडणाऱ्या खड्यापासून ते वाचवत नाही. त्याला १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक पीपीएफ फिल्मच लागते, आणि तिचा खर्च कोटिंगच्या कितीतरी पट. फडक्याने घासलं तर कोटिंगवरही ओरखडे येतातच.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कोटिंगवर पाण्याचे टपोरे गोल थेंब उभे राहतात. बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक थेंब उन्हात आटून क्षारांचं एक पक्कं वर्तुळ सोडतो. साध्या सीलंटवर असं झालं तर चार महिन्यांनी नवा थर लावता येतो. कोटिंगवर झालं तर ते पॉलिशने काढून पुन्हा खर्च. म्हणून पाण्याची आणि पुसण्याची सोय लागल्याशिवाय मी तुम्हाला कोटिंग सुचवणार नाही. पुढे केलंत तर विचारा: आधी आयर्न रिमूव्हर, क्ले, पॉलिश करणार का, आणि वॉरंटीसाठी दर किती महिन्यांनी पैसे भरून सर्व्हिस करावी लागेल.

शोरूममधलं टेफ्लॉन कोटिंग सरळ नाकारा. तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, गाडीवर ते शक्यच नाही. बाटलीत जे असतं ते बहुतेक वेळा साधं सीलंटच.

रोजचे शत्रू

पक्ष्यांची विष्ठा उन्हात तासाभरातही डाग पाडू शकते. तापलेला क्लिअर कोट मऊ होतो आणि गार होताना तिच्याभोवती आकसून घट्ट होतो. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यू ठेवा. ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं वर ठेवून सगळं मऊ झालं की उचलून घ्या. जांभळाच्या दिवसांत वटवाघळांची घाणही तशीच काढायची.

मोहोराच्या काळात आंब्याखाली गाडी लावू नका. त्यावरचे तुडतुडे गोड चिकटा सोडतात, तो गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे काळी बुरशी धरते. ताजा असताना शाम्पूच्या कोमट पाण्याने सुटतो. वाळल्यावर वर सांगितलेलं अल्कोहोलचं मिश्रण लागतं.

विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर गुलाल ओल्या हाताने पुसायचा नाही, वरून पाणी सोडून वाहू द्यायचा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला पूजा करताना स्वस्तिक बोनेटऐवजी पुढच्या काचेवर काढा. कुंकवातला कृत्रिम रंग, विशेषतः फिकट गाडीवर, ओला होऊन उन्हात वाळत राहिला तर गुलाबी छटा मागे राहते. झेंडूची माळ सुतळीने पुढच्या जाळीला बांधा, बोनेटवर टेपने चिकटवू नका. गाडी चालवताना माळ हलत राहते आणि वाऱ्याने देठ रंगावर घासतात, म्हणून संध्याकाळी काढून ठेवा.

कव्हर घालायचं तर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने दिवसभर फडफडतं आणि फडक्याचंच काम करतं. आतून प्लॅस्टिक असलेलं कव्हर पावसाळ्यात ओलावा कोंडतं आणि रंगाला फोड येऊ शकतात. जून ते सप्टेंबर ते घडी घालून डिकीत ठेवा.